मदुराईत दोन दिवस: आईबाबांना घेऊन कुठे आणि काय खावं?

ओवी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण रामेश्वर-मदुराई-कन्याकुमारी करतोय. आईबाबा, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि मी. टूर कंपनी नाही, आपलं आपण. रामेश्वर आणि कन्याकुमारीचं सगळं ठरलंय. मदुराईत पूर्ण दोन दिवस आहेत, मुक्काम स्टेशनजवळ.

खाण्याचं मात्र कोडं पडलंय. आई शुद्ध शाकाहारी. बाबांना डायबेटिस, आणि रात्री पोळी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. नवरा आणि लेक मटणावर जीव टाकणारे. मी सगळं खाते. नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे त्याच पाच-सात जागांची नावं. कधी जायचं, काय मागायचं आणि कसं मागायचं, ते कुणीच लिहीत नाही. तुम्ही जाऊन आलेल्यांनी सांगा. बाबांचं पोळीवाचून निभेल का, हा घरातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे!

पांथस्थ
मुरुगन इडली. बाकीचं नंतर बोलू.

तिखटमीठ
पांथस्थ, +१. त्यांचं मूळ मदुराईतलंच, चेन्नई-सिंगापूर नंतरचं. केळीचं पान, त्यावर वाफाळती इडली, चार रंगांच्या चटण्या आणि सांबार. पोडी इडली, म्हणजे कोरडी चटणीपूड लावलेली, वेगळी मागवा. इडली पुरे म्हणेपर्यंत वाढत राहतात, त्यामुळे आधीच चार सांगू नका. दोन-दोन घ्या, गरम येतात.

आजीचा बटवा
ओवी, माझं ऐक. वयस्कर माणसांवर असले प्रयोग करू नयेत. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. चार दिवस आंबवलेलं आणि चिंचेचं खाऊन त्यांना इतकी जळजळ झाली की पुढचा प्रवास दहीभातावर काढला. दशम्या, मेतकूट, गूळपापडी, लाडू बरोबर ठेव. नाहीतर आपले आचारी घेऊन जाणारी टूर काय वाईट आहे? वेळच्या वेळी गरम वरणभात, पोळी-भाजी मिळते.

सह्यवेडा
आजीचा बटवा, दशम्या-लाडूंना माझाही पाठिंबा आहे, पण टूरला नाही. आम्ही आठ वर्षांपूर्वी अशाच एका टूरबरोबर गेलो. मदुराईत सकाळी पोहे, दुपारी बटाट्याची भाजी आणि वरणभात, रात्री पिठलं. हॉटेलच्या मागच्या गल्लीत तव्यावर काहीतरी ठणठण वाजत होतं, वास थेट खोलीत येत होता आणि आम्ही पिठलं कालवत बसलो होतो. स्वयंपाक उत्तमच होता, पण मी मदुराईला गेलो होतो! ती रुखरुख अजून आहे.

मदुरैकर
मूळ सांगलीचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षं मदुराईत. ओवी, जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: इथे 'कुठे' यापेक्षा 'किती वाजता' महत्त्वाचं. आपले लोक दुपारी एक वाजता हॉटेलात शिरतात, मसाला दोसा मागतात आणि वाढपी मान हलवतो. मग 'हे कसलं दक्षिणेतलं हॉटेल' म्हणून रागावतात. दुपारी बारा ते तीन बऱ्याच ठिकाणी फक्त 'मील्स', म्हणजे साप्पाडु, पानावर वाढलेलं भाताचं जेवण. तव्यावरचं सगळं सकाळी आणि संध्याकाळनंतर. बिर्याणी दुपारची, तीही दोन-अडीचनंतर संपलेली असू शकते. परोटा संध्याकाळी सुरू होतो आणि रात्र चढेल तसा रंगतो. मदुराईला 'तूंगा नगरम' म्हणतात, न झोपणारं गाव. ते खरं आहे, रात्री अकरालाही गरमागरम खायला मिळतं.

हे घड्याळ देवळाच्या घड्याळाशी जुळतं. मीनाक्षी मंदिर दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं, चारच्या सुमारास उघडतं. म्हणून पहाटे दर्शन, मग टिफिन (डबा नव्हे, इडली-दोशासारखं खाणं), दुपारी साप्पाडु, वामकुक्षी, चारनंतर परत देऊळ. शक्य असेल तर रात्री पळ्ळियरै पूजेला थांबा. सुंदरेश्वराला पालखीतून मीनाक्षीच्या शेजघरात नेतात, नादस्वरम् वाजत असतं. ते बघून बाहेर पडलात की रात्रीच्या खाण्याची अगदी बरोबर वेळ झालेली असते. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करायला लागतो. मुलाला हाफ पँट नको.

रस्ते समजून घ्या म्हणजे रिक्षावाल्यावर अवलंबून राहावं लागणार नाही. देवळाभोवती चौकोनात चौकोन आहेत. आतून बाहेर: आडि, चित्तिरै, आवणि मूल, मासी, वेली. पहिली चार नावं महिन्यांची, म्हणजे आषाढ, चैत्र, श्रावण, माघ. वेली म्हणजे बाहेरची. वीदी म्हणजे रस्ता. तुमचं स्टेशन पश्चिमेच्या वेली वीदीवर आहे. तिथून देऊळ चालत पंधरा मिनिटं. खाण्याचं निम्मं मदुराई या चौकोनांतच आहे.

आता पोळी. रात्री टिफिनच्या जवळजवळ सगळ्या हॉटेलांत 'चपाती-कुर्मा' मिळतो. आपल्या घडीच्या पोळीची सर नाही, पण बाबांचं निभेल. स्टेशन ते देऊळ या टापूत, टाउन हॉल रोड आणि पेरुमाळ मेस्त्री वीदीच्या बाजूला, शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत.

आणि भाषेची काळजी नको. 'अण्णा' आणि 'अक्का' इथेही अण्णा आणि अक्काच. एवढ्या दोन हाकांवर मी पहिलं वर्ष काढलं. वर थोडे शब्द: कोंजम म्हणजे थोडं, पोदुम म्हणजे पुरे, वेंडाम म्हणजे नको, सूडा म्हणजे गरम, तण्णी म्हणजे पाणी. बाबांच्या कॉफीसाठी 'सक्करै इल्लामा', बिनसाखरेची.

पांथस्थ
मदुरैकर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो. दंडवत.

रस्सावेडा
आता नवरा आणि लेकाची सोय.

१) कोनार कडै, सिम्मक्कल भागात. इथली 'करी दोसै' खायचीच. जाड दोशाचं पीठ, त्यावर अंडं फोडून पसरतात, वर शिजलेला मटणाचा खिमा, उलटून दाबून भाजतात. तीन थर वेगवेगळे दिसतात. एक दोन जणांत पुरते. संध्याकाळी जा.

२) अम्मा मेस किंवा कुमार मेस. दुपारी. पान मांडतात, भात आणि चार-पाच प्रकारचे रस्से. अम्मा मेसमध्ये नळीतल्या मगजाचं ऑम्लेट मागवा, लेक विसरणार नाही. अयिरै मीन कुळंबु मिळाला तर सोडू नका. गोड्या पाण्यातली मासोळी, बोटाएवढीही नसते, चिंचेच्या रश्श्यात अख्खीच असते.

३) कोळा उरुंडै, म्हणजे खिम्याचे खमंग तळलेले गोळे. कुठेही दिसले की घ्या.

४) करंडी ऑम्लेट. करंडी म्हणजे डाव. खोलगट डावात अंडं ओततात आणि डावच विस्तवावर धरतात. बाहेरून लालसर, आतून मऊ, आकार डावाचा.

५) रात्री परोटा. मैद्याचा, पदर सुटलेला, त्यावर साल्ना, म्हणजे पातळ झणझणीत रस्सा, ओतून. सह्यवेडा, तुमच्या हॉटेलमागची ठणठण म्हणजे कोत्तु परोटा! तव्यावर परोटा, अंडं, कांदा, साल्ना घालून दोन लोखंडी पात्यांनी तुकडे करत राहतात. तालात असतं ते सगळं.

बिर्याणी हवी असेल तर अंसवल्ली भवन. बासमती नाही, सीरग सांबा तांदूळ, जिऱ्यासारखा बारीक. पहिल्या घासाला आपल्याला वेगळं वाटतं, तिसऱ्याला बासमती आठवत नाही.

सह्यवेडा
म्हणजे आठ वर्षांनी उलगडा झाला. धन्यवाद रस्सावेडा, आता परत जाणं आलं.

मधुमालती
रस्सावेडा, शाकाहारी मंडळींसाठी एक धोक्याची पाटी लावा! तमिळमध्ये 'करी' म्हणजे मटण. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी 'करी दोसै' म्हणजे भाजी घातलेला दोसा समजून मागवला होता. शेजारच्या टेबलावरच्या एका अक्कानेच धावत येऊन थांबवलं, 'अम्मा, मटन, मटन!' तिचे उपकार आम्ही विसरणार नाही.

गवतीचहा
आमच्याकडे याच्या बरोबर उलटं झालं. आत्याला पानावर 'वत्त कुळंबु' वाढायला आले. तिने 'कोळंबी' ऐकलं आणि पान दोन्ही हातांनी झाकून बसली. वाढपी बिचारा बुचकळ्यात. साधी चिंचेची दाट आमटी हो, वाळवणाची! कुळंबु म्हणजे रस्सा-आमटी. तो कशाचा आहे ते पुढेमागे लागलेल्या शब्दावरून ठरतं. मीन कुळंबु माशाचा, वत्त कुळंबु वाळवलेल्या भाज्यांचा.

रस्सावेडा
आणि पाटीवर 'कोळी' दिसलं तर ती कोंबडी. आमच्या वर्सोव्याच्या मित्राला हे कळलं तेव्हा तो दोन मिनिटं हसत होता.

ओवी
बापरे, केवढं काय काय आलंय! सगळं वहीत उतरवून घेतेय. कुळंबु-कोळंबी आईला वाचून दाखवलं, ती हसून हसून लाल.

दोन अडचणी. आईची एकादशी मदुराईतच येतेय. साबुदाण्याची खिचडी कुठे मिळेल? आणि बाबांना गोड नको, परोटा मैद्याचा म्हणून नको, मग त्यांच्यासाठी खास असं काय?

मदुरैकर
खिचडी हॉटेलात मिळणार नाही. गंमत अशी की आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा येतो याच राज्यातून, सेलम भागातून. इथे त्याला जव्वरिसी म्हणतात आणि त्याचं पायसम किंवा पापड्या करतात, उपासाशी त्याचा संबंध नाही. आईंसाठी शहाळं, दूध आणि केळी. केळ्यांना मात्र नुसतं 'केळी' म्हणून चालणार नाही. दुकानात दहा प्रकारचे घड टांगलेले असतात. सिरुमलैच्या डोंगरातली छोटी डोंगरी केळी मागा, किंचित आंबूस गोड, वास दोन हात लांबून येतो. आणि तुमच्या तारखा बघता ती वैकुंठ एकादशी दिसतेय, मार्गळी महिन्यातली. पेरियार बसस्टँडजवळ कूडल अळगरचं विष्णुमंदिर आहे, तिथे त्या दिवशी मोठा उत्सव असतो. आईंना तिथे नक्की न्या.

बाबांसाठी सकाळी गाडीवर 'कंबंगूळ' बघा. कंबु म्हणजे बाजरी. ताकातली बाजरीची आंबील, कच्चा कांदा घालून, आणि तोंडी लावायला मोर मिळगाय, म्हणजे आपली सांडगी मिरची. उन्हाळ्यात गाड्या जास्त असतात, थंडीत शोधाव्या लागतात. भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला हे खाताना आपण परगावी आहोत असं वाटत नाही.

आजीचा बटवा
बाजरीची आंबील आणि सांडगी मिरची? हे मला कुणी आधी का सांगितलं नाही! सासूबाईंना हेच चाललं असतं. मदुरैकर, जळजळीचं काय पण?

मदुरैकर
आजीचा बटवा, तुमची काळजी रास्त आहे. चार दिवस तिन्ही त्रिकाळ सांबार-चटणी खाल्ली तर तरुणालाही त्रास होईल. पण इथली माणसंही तसं खात नाहीत. सकाळी वेण्पोंगल घ्या. तांदूळ आणि मूगडाळ, मिरी, जिरं, तूप. आपल्या मुगाच्या खिचडीची सख्खी मावसबहीण. मार्गळीत तर घरोघरी आणि देवळात पहाटे पोंगल असतं. रात्री इडिअप्पम, वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधाबरोबर.

साप्पाडुही नीट क्रमाने खाल्ला तर पोटाला जड जात नाही. आधी भातावर नुसती डाळ आणि तूप, आपल्या वरणभातासारखं. मग सांबार. मग कुळंबु. मग रसम. शेवटी मोर, म्हणजे ताकभात. प्रत्येक वेळी थोडाच भात घ्या. आपले लोक पहिल्या सांबारालाच भाताचा डोंगर घेतात आणि रसम येईपर्यंत पोट भरलेलं असतं. खरं तर रसम-ताकासाठीच जागा ठेवायची. पान शेवटी स्वतःच्या बाजूला दुमडा.

चौकस
सांबारावरून आठवलं. सांबार हे मूळ आपलंच आहे ना? तंजावरच्या मराठा दरबारात आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि संभाजी महाराज पाहुणे आले होते म्हणून नाव सांबार. मग मदुराईत जाऊन आपण आपलीच आमटी खातोय की.

पोथीनिष्ठ
चौकस, गोष्ट गोड आहे पण तिला त्या काळचा लेखी पुरावा कुणी दाखवलेला नाही. सांगोवांगी आहे, तशीच ऐकावी. पुराव्यानिशी सांगायचं तर मराठ्यांचं राज्य तंजावरात १६७५-७६ पासून १८५५ पर्यंत, जवळपास १८० वर्षं होतं. सरफोजीराजांच्या काळातलं मराठीतलं पाककृतींचं हस्तलिखित तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. अभिमान बाळगायला तेवढं पुरेसं आहे. दुसऱ्याच्या सांबारावर नाव घालायची गरज नाही.

आणि हे सगळं तंजावरचं. मदुराई नायक राजांची. तिथे गेल्यावर तिरुमलै नायकांचा महाल बघा, खांबाला कवेत घ्यायला तीन माणसं लागतील.

चौकस
मान्य. हस्तलिखिताचं माहीत नव्हतं.

मधुमालती
पण मदुराईत आपल्या कानाला ओळखीचं काही हवं असेल तर सौराष्ट्र मंडळी आहेत ना! रेशीम विणणाऱ्यांचा समाज, नायकांच्या काळापासून मदुराईत स्थायिक. घरात सौराष्ट्री बोलतात. ऐकताना गुजराती आणि मराठी कुणीतरी एकत्र घुसळल्यासारखी वाटते. पहिल्यांदा मी एका गल्लीत 'भात', 'पाणी' असे शब्द ऐकले आणि जागीच थबकले.

त्यांच्या वस्तीत संध्याकाळी 'मुळ्ळु मुरुंगै' वडे मिळतात. मुळ्ळु मुरुंगै म्हणजे चक्क आपला पांगारा. त्याची पानं तांदळाबरोबर वाटून पुरीसारखं थापतात, तळतात, वर पोडी भुरभुरतात. हिरवेगार, खुसखुशीत. आमच्या कोकणातल्या घरी पांगारा कुंपणाला होता आणि त्याच्या फुलांपलीकडे आम्ही कधी बघितलं नाही. तो वडा हातात घेऊन मी त्या अक्काला विचारत राहिले की तुम्ही पानं कधी खुडता, कोवळीच घेता का. ती सौराष्ट्रीत सांगत होती, मी मराठीत विचारत होते आणि निम्मं तरी दोघींना कळत होतं.

वऱ्हाडी ठेचा
कोणी परुत्ती पाल प्यायलं का? मी कामासाठी गेलो होतो, सहकाऱ्याने गाडीवर नेलं. गरम, दाट, गुळाचं, सुंठ-वेलची, वरून खोबरं. मस्त लागलं. दुसरा पेला घेतला आणि मग विचारलं हे कशाचं दूध. म्हणाला, परुत्ती, कॉटन. सरकीचं! अहो, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस. सरकी म्हशीला घालायची, ढेप म्हशीला घालायची. आमच्या म्हशी किती शहाण्या होत्या ते मला मदुराईत कळलं.

घरी फोन करून आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं, 'पोट ठीक आहे ना तुझं?'

रस्सावेडा
वऱ्हाडी ठेचा, +१०००. सर्दीवर उत्तम.

गवतीचहा
गोडाचं कुणीच बोललं नाही! जिगरठंडा! विळक्कुत्तूणजवळ, पूर्व मॅरेट वीदीच्या तोंडाशी, 'फेमस जिगरठंडा'. उभ्याने प्यायचा. मी काउंटरला टेकून बघत होते. पेल्यात आधी पारदर्शक थुलथुलीत बदामाचा डिंक, तो रात्रभर भिजवून फुगवलेला असतो. त्यावर तपकिरी सरबत, नन्नारीचं. नन्नारी म्हणजे आपली उपळसरी, तोच मातीसारखा गोड वास. मग आटवलेलं थंडगार दूध, मग बासुंदी, डोक्यावर आइस्क्रीमचा गोळा. चमचा खालपर्यंत घालून ढवळायचं नाही, वरून खात खात खाली जायचं. शेवटी डिंक येतो, घशातून घसरत जातो.

आणि स्टेशनजवळ प्रेमा विलासचा गव्हाचा हलवा, गरम. पानावर घेतला की तूप बोटांवर येतं. जवळपासच्या दुकानांची नावं एकमेकांसारखी असतात, पाटी नीट वाचून जा.

पोथीनिष्ठ
हलवा खायला जाल तेव्हा थोडं पुढे पश्चिम मासी वीदीवरही जा. २२ सप्टेंबर १९२१ ला गांधीजींनी मदुराईत सदरा-टोपी सोडून पंचा नेसायला सुरुवात केली, तेव्हा ते या रस्त्यावरच्या एका घरात उतरले होते. तिथे आता खादीचं दुकान आहे. लेकाला दाखवा.

पांथस्थ
खाण्याच्या धाग्यावर पंचा. पण जिगरठंडा आणि हलवा एका दिवशी झाला तर आपल्यालाही पंचाच नेसावा लागेल.

तिखटमीठ
कन्याकुमारीला जाताना वाटेत कोविलपट्टी लागतं. तिथली शेंगदाण्याची चिक्की, कडलै मिट्टाय, घ्या. तिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. लोणावळ्याच्या चिक्कीवर वाढलेली मी, पण तिथे अर्धा किलो जास्तीची घेतली.

आजीचा बटवा
ओवी, माझं मत थोडं बदललं. टूर नको. पण मेतकुटाची पुडी ने बाई.

ओवी
*(तीन आठवड्यांनी)*

आलो परत! वचन दिल्याप्रमाणे वृत्तान्त.

पहिल्याच दिवशी मदुरैकरांचं ऐकलं नाही. रामेश्वरहून यायला उशीर झाला, दीड वाजता एका हॉटेलात शिरलो आणि लेकाने घी रोस्ट दोसा मागितला. वाढपी म्हणाला, 'मील्स ओन्ली.' लेकाचा चेहरा पडला. पण मग पान मांडलं, आणि बाबांनी क्रमाने जेवायचं मनावर घेतलं. डाळ-तूप-भात झाल्यावर म्हणाले, 'हा वरणभातच की.' रसम तीनदा घेतलं. पान आपल्या बाजूला दुमडताना मोठ्या समाधानाने माझ्याकडे बघितलं. त्या रात्री चपाती-कुर्मा खाल्ला. दुसऱ्या रात्री त्यांनी स्वतःच इडिअप्पम मागितलं. पोळीचं नाव काढलं नाही!

कंबंगूळची गाडी सापडली नाही, खूप शोधली. बाबांना हळहळ वाटली. सांडगी मिरची मात्र साप्पाडुत मिळाली.

मुरुगनमधल्या इडलीला आईने बोटाने हळूच दाबून बघितलं आणि 'भिजवलेलं कसं असेल' यावर वाढप्याशी बोलायला लागली. त्याने फक्त 'मल्लिगै पू' एवढंच सांगितलं, मोगऱ्याचं फूल. तिने आपल्या अंबाड्यातल्या गजऱ्याला हात लावला. देवळाबाहेर मदुराईचा मोगरा घेतला होता, घट्ट कळ्यांचा, दुसऱ्या दिवसापर्यंत खोलीत वास होता.

नवरा-लेक कोनारला दोन्ही संध्याकाळी गेले. मगजाचं ऑम्लेट दोघांनी मिळून खाल्लं आणि कुणाला जास्त मिळालं यावर वाद झाला.

एकादशीला कूडल अळगरला पहाटे रांगेत उभे होतो. पुढच्या बाईंनी आईला विचारलं, कुठून आलात? आई म्हणाली, 'पंढरपूरकडचे.' बाईंना पंढरपूर कळलं! 'पांडुरंगन, पांडुरंगन' म्हणत त्यांनी आईचे हात धरले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाहेर आल्यावर त्या आईला केळ्यांच्या दुकानात घेऊन गेल्या, डोंगरी केळी स्वतः निवडून दिली आणि दुकानदाराशी भाव केला. मदुरैकर, वास खरंच दोन हातांवरून येतो.

द्वादशीला सकाळी आईला परुत्ती पाल दिलं. सरकी आहे हे आधीच सांगितलं. तिने पेला नाकाशी नेला, सुंठ ओळखली, गूळ ओळखला, खोबरं ओळखलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, 'आपल्याकडे एवढा कापूस, कुणाला सुचलं नाही.' वऱ्हाडी ठेचा, तुमच्या आईंना माझ्या आईचा निरोप आहे की पोट अगदी ठीक राहतं.

मेतकुटाची पुडी तशीच परत आली.

आजीचा बटवा
परत आली ना, मग झालं! न्यायची सवय चांगली. आई-बाबांना नमस्कार सांग.

वऱ्हाडी ठेचा
निरोप पोचवला. आई म्हणतेय, सरकी कशी वाटतात ते विचार. कुणाकडे कृती आहे का?

मदुरैकर
रात्रभर भिजवायची, पाणी घालून वाटायची, फडक्यातून पिळून दूध काढायचं, दोन-तीनदा. त्यात तांदळाचं पीठ कालवून सतत ढवळत शिजवायचं, मग ताडगूळ किंवा साधा गूळ, सुंठ, वेलची, खोबरं. कच्चं दूध प्यायचं नाही, चांगलं उकळायचं. सरकी खाण्याच्या दुकानातली घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ती चुकूनही नको.

मधुमालती
ओवी, पांगाऱ्याचे वडे मिळाले का?

ओवी
नाही ना! दोन्ही संध्याकाळी देवळातच होतो. बाबा आत्तापासून म्हणताहेत, पुढच्या वर्षी फक्त मदुराई, पाच दिवस.

नवा_भिडू
सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही मार्चच्या सुरुवातीला जातोय. ताडगोळे मिळतील का तेव्हा?

मदुरैकर
नुंगु. मार्चच्या सुरुवातीला कठीण, एप्रिल-मेमध्ये रस्तोरस्ती. जमत असेल तर तारीख पुढे ढकला, ऊन कडक असतं तेवढं सांभाळा. वडे मात्र मिळतील, संध्याकाळी एक तास हातात ठेवा.